सांगलीहून विजापूर एका दिवसात: काय बघावं, काय सोडावं, आणि तो घुमट खांबाशिवाय उभा तरी कसा?

विश्रामबागकर:

नमस्कार मंडळी. थंडी पडली की एखाद्या रविवारी बाबांना आणि लेकीला घेऊन विजापूर करायचं म्हणतोय. पहाटे निघायचं, रात्री घरी. मुक्काम जमणार नाही, सोमवारी मला ड्यूटी आणि लेकीची चाचणी.

बाबा साखर कारखान्यात फिटर होते. देवळात गेले तरी कळसाला हात जोडायच्या आधी तो वर चढवला कसा असेल याचा हिशोब मांडतात. त्यांचा एकच प्रश्न आहे आणि त्याचं धड उत्तर मला कुठं मिळत नाही: मधे एकही खांब नसताना गोलघुमट उभा कसा? यूट्यूबवरचे सगळे आत जाऊन टाळ्या वाजवतात, आवाज सात वेळा घुमतो म्हणतात आणि व्हिडिओ संपवतात. त्यात बाबांचे गुडघे दुखतात. वरच्या सज्जापर्यंत चढणं झालं नाही तर नुसतं खालून बघण्यात काही अर्थ आहे का?

लेक आठवीत आहे. आदिलशाही म्हणजे अफझलखान, यापलीकडे तिला काही ठाऊक नाही. तिला घुमट सोडून काय दाखवावं? यादी नको, याद्या गूगलवर ढीगभर आहेत. तुम्ही स्वतः काय बघितलंत आणि काय वगळाल, ते सांगा.

कृष्णाकाठ:

मिरज, कागवाड, अथणी असं जा. एका बाजूला दीडशे किलोमीटरच्या आसपास पडतं. घुमट सकाळीच उरका. थंडीत शाळांच्या सहली असतात, पोरं वर चढली की सज्जाच्या एका टोकाची कुजबुज पलीकडं ऐकू येणं वगैरे विसरा, नुसता कल्ला. बाकी जगातला दोन नंबरचा घुमट आहे, लेकीला आवर्जून सांगा.

ओळंबा (मिरज):

दोन नंबरचा वगैरे पोरीला सांगू नका, उद्या ती शाळेत सांगेल. रोमचं पँथिऑन आतून ४३ मीटर आहे. तिथलंच सेंट पीटर्स ४१ च्या पुढं. फ्लोरेन्सचा घुमटही मोठा. आपला गोलघुमट आतून ३८ मीटरला थोडा कमी. गाईड जो ४४ मीटरचा आकडा फेकतात तो बाहेरून मोजलेला व्यास आहे. मग मोठेपण कशात? एकाच घुमटाखाली मोकळी ठेवलेली जमीन बघा, १८,००० चौरस फुटांच्या वर. पँथिऑनची यापेक्षा कमी भरते. आणि त्याच काळात आग्र्याला शाहजहानचा ताजमहाल चालला होता, त्याचा घुमट आतून १८ मीटरच्या आसपास. एवढं सांगितलंत तरी पोरगी शाळेत भाव खाऊन जाईल.

आता बाबांचा प्रश्न. मी बांधकाम ठेकेदार, आता धंदा पोरगा बघतो. इंजिनिअर नाही, पण कमान कुठं फाटते ते हातानं कळलेला माणूस आहे, त्या भाषेत सांगतो.

दालन चौकोनी आहे. आतून १३५ फूट लांब, तेवढंच रुंद, भिंती दहा फूट जाड. घुमट गोल, आतून १२४ फुटांचा. चौकोनावर गोल ठेवायचा म्हटलं की चार कोपरे उघडे पडतात. सगळी मेख तिथं आहे. लहान दर्ग्यात काय करतात, कोपऱ्यात आडवी कमान टाकून चौकोनाचा अष्टकोन करतात आणि त्यावर गोल बसवतात. १३५ फुटांच्या दालनाला तेवढ्यावर भागत नाही.

बाबांना कागद-पेन्सिल द्या. एक चौकोन काढायला सांगा. त्यावर तेवढाच दुसरा चौकोन, पण ४५ अंशांत वळवून. आठ टोकांची चांदणी झाली ना? विजापूरच्या मिस्त्रींनी आठ कमानी भिंतीतून अशाच एकमेकींना छेदत वर उचलल्यात. जसजशा वर जातात तसतशा आत झुकतात. दोन कमानींमधली जागा भरत नेली की दालनाचं तोंड आवळत येतं, आणि वर पोचेपर्यंत साधारण ९७ फुटांचं गोल तोंड उरतं. घुमट त्या तोंडाच्या कडेवर ठेवलेला नाही, हे लक्षात घ्या. तो मागं सरकवून बसवलाय. कड आणि घुमट यांच्यामधे जी जागा राहिली, तोच तुमचा कुजबुजीचा सज्जा. लोक वर जाऊन भिंतीला कान लावतात, आपण कशावर उभं आहोत ते कोणी बघत नाही.

आता घुमटाची खोड काय, तर तो तळाशी बाहेर फाकू बघतो. आज आम्ही असा गोल टाकला तर बुडाशी सळईची रिंग बीम देऊ. तिथं सळई नाही. तिथं त्या आत झुकलेल्या कोपऱ्यांचं वजन आतल्या अंगाला ओढतं, घुमट बाहेरच्या अंगाला ढकलतो आणि दोघांची कुस्ती बरोबरीत सुटते. कुस्तीतलं न कळणाऱ्याला सांगलीकर म्हणू नये, म्हणून असं सांगितलं. जेम्स फर्ग्युसन नावाच्या स्कॉटिश अभ्यासकानं हे एकोणिसाव्या शतकातच नीट लिहून ठेवलंय.

माल काय वापरलाय तेही बघण्यासारखं. भिंती दगडाच्या. घुमट मात्र विटांचा, आडवे थर, भरपूर चुना. बुडाशी त्याची जाडी दहा फूट. मला विचाराल तर तो विटांचा घुमट म्हणण्यापेक्षा विटा घातलेलं चुन्याचं काँक्रीट म्हणावं. आणि थर आडवे असल्यामुळं बराचसा घुमट खालून सेंटरिंग न लावता उठला असणार, हे माझं मत. एवढ्या उंचीला लाकडाची मांडणी करायची तर रान उजाड झालं असतं. चुन्याची गंमत अशी की तो सावकाश जमतो, इमारत थोडी बसली तर सोसून घेतो आणि वर्षानुवर्षं घट्ट होत जातो. मिरजेत जुने वाडे उतरवताना अनुभव आहे, घणाखाली वीट फुटते पण सांधा सोडत नाही. सिमेंटवाल्यांनी हसू नये, आपल्या स्लॅबची वयं आपल्याला माहीत आहेत.

गुडघ्यांचं: वर जाऊच नका म्हणावं. कोपऱ्यातल्या बुरुजांमधून जिना आहे, सात मजले, अरुंद, पायऱ्या उंच. आणि बाबांना जे बघायचंय ते खालूनच दिसतं! मधल्या चौथऱ्याच्या एका कोपऱ्याशी उभं राहायचं आणि समोरच्या कोपऱ्यात मान वर करायची. कमानी एकमेकींतून कशा निघतात ते तिथून जेवढं कळतं तेवढं वरून कळत नाही. मुलीला वर पाठवा. चौथऱ्यावर दिसतात त्या नुसत्या खुणेच्या कबरी, खरं दफन खाली तळघरात. ज्याच्यासाठी घुमट बांधला तो सुलतान मुहम्मद आदिलशाह, त्याच्या बायका, मुलगी, नातू आणि त्याची लाडकी नर्तकी रंभा. रंभेची गोष्ट गाईड रंगवून सांगेल, ऐकायची आणि सोडून द्यायची.

पण माझं ऐकाल तर घुमटाच्या आधी बाराकमान बघा. गावात शिरल्यावर वाटेतच पडते, पंधरा-वीस मिनिटांचं काम. मुहम्मदाचा मुलगा अली दुसरा १६५६ ला गादीवर आला आणि बापापेक्षा वरचढ कबर बांधायला घेतली. १६७२ ला तो गेला, काम तिथंच थांबलं. उंच चौथरा, त्यावर काळ्या दगडाच्या कमानी, वर आभाळ. लोक येतात, फोटो काढतात, 'पुरी झाली असती तर सावली घुमटावर पडली असती' म्हणतात आणि जातात. अहो, पुरी झाली नाही म्हणून तर ती बघायची! तयार इमारत काही सांगत नाही, गिलावा सगळं झाकतो. अर्धवट कामात मिस्त्रीचा हिशोब उघडा पडतो: खांबाचा पसारा किती धरलाय, कमान कुठून वळवलीय, सांधे कसे घेतलेत. तिथं पाव तास डोळे तयार करा आणि मग घुमटात जा. तसं बघितलं तर घुमटही पुरता झालेला नाही, मुहम्मद मेल्यावर बरंच राहून गेलं.

घुमटानंतर जामा मशीद. १५६५ ला तालिकोटच्या लढाईत विजयनगर पडलं, त्यानंतरच्या भरभराटीत अली पहिल्यानं काढली. तीही अर्धीच म्हणायची, ठरलेले सगळे मिनार कधी झालेच नाहीत. आत मुहम्मदाच्या काळात सोन्याच्या रंगात नटवलेला मिहराब, म्हणजे मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा, आहे. मला स्वतःला तो फार भडक वाटतो, पांढऱ्या कमानींच्या रांगा जास्त आवडतात. आसार महाल वगळलात तरी चालेल.

मलिक-ए-मैदानला मात्र फिटर माणसाला घाईनं हलवू नका. १५४९ ला अहमदनगरला मुहम्मद बिन हसन रूमी यानं ओतलेली तोफ, ५५ टनांची. तोंडाशी सिंहाचा जबडा, त्यात हत्ती चिरडलेला. पुढं ती परांड्याच्या किल्ल्यावर होती, तिथून १६३२ ला आदिलशाहीच्या मुरार जगदेवानं विजापूरला आणली. एवढा रस एका साच्यात कसा ओतला असेल यावर बाबा परतीच्या वाटेत अथणीपर्यंत बोलतील.

शेवटी इब्राहिम रोजा. गावाच्या पश्चिम अंगाला, म्हणजे घरच्या वाटेवर. संध्याकाळच्या उन्हात पोचा. घुमट म्हणजे ताकद, रोजा म्हणजे हात. इब्राहिम दुसरा आणि ताज सुलताना यांची कबर, काम उभं करणाऱ्या मलिक संदलचं नाव शिलालेखात आहे. खिडक्यांच्या जाळ्या बघा, दगड कोरून आरपार अक्षरं काढलीत, उजेड त्या अक्षरांमधून आत येतो. आणि आत छत बघा. खोली ४० फुटांची, भिंतीवरून दगड वळण घेत आत येतो आणि मधला २४ फुटांचा चौक चक्क सपाट. ना कमान, ना तुळई. घुमटाचं गणित मी तुम्हाला सांगू शकलो. या छताखाली मी गप्प बसतो.

सह्याद्रीवारा (सातारा):

पेट्रोल जाळून शत्रूची थडगी बघायला जायचं? मुलीला प्रतापगडावर आणा, अजिंक्यतारा दाखवा. रयतेच्या पैशातून उभी केलेली चैन आहे ती सगळी.

घाटपायथा (वाई):

प्रतापगड दाखवायलाच हवा, त्यात वाद नाही. पण प्रतापगडची गोष्ट विजापुरात पुरी होते, हेही मुलीला कळू दे. अफझलखान वाईचा सुभेदार होता, आमच्याच भागात त्याचा अंमल. विजापूरच्या बाहेर त्यानं स्वतःची कबर आधीच बांधायला घेतली होती, शेजारी मशीदही. १० नोव्हेंबर १६५९ ला तो प्रतापगडाखाली पडला आणि तिथंच पुरला गेला. विजापूरजवळची कबर त्याच्याविनाच राहिली. जवळच एका चौथऱ्यावर कबरींच्या रांगा आहेत, त्याला साठ कबर म्हणतात. खानानं मोहिमेवर निघण्याआधी आपल्या बायका मारल्या अशी दंतकथा आहे. पोरीला सांगायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, मी सांगितली नसती.

साताऱ्याचं म्हणाल तर अजिंक्यताऱ्याचा आणि विजापूरचाही संबंध जुना. १५८० मधे चांदबीबीला दरबारी कारस्थानात इथंच कैदेत पाठवलं होतं. तिच्या नावाची चांद बावडी विजापुरात आहे, नवरा अली पहिला यानं बांधलेली. आणि हा अली बापाच्या मर्जीतून उतरला होता, राज्य हाती आलं तेव्हा तो मिरजेच्या किल्ल्यात होता. तिथून निघून त्यानं दरबाराचा गगन महाल उभारला, शहराचा तट पुरा केला. सगळं इतकं जवळचं आहे. शहाजीराजांनी जिथं चाकरी केली ते शहर बघायला शत्रूचं आणि आपलं असे दोनच कप्पे पुरत नाहीत.

गगन महालाची ती भली मोठी कमान बघताना एवढं सांगा: १६८६ ला औरंगजेबानं शहर घेतलं, तेव्हा शेवटचा सुलतान सिकंदर याला चांदीच्या साखळ्या घालून तिथंच त्याच्यापुढं उभं केलं होतं. १४९० च्या आसपास युसुफ आदिलशाहनं सुरू केलेली गादी तिथं संपली.

सह्याद्रीवारा (सातारा):

माहिती चांगली दिलीत. मत तेच आहे.

जवारी (मिरज):

आमच्याकडं घरात तंबोरे बनतात, त्यामुळं माझी एक भर. विजापूरच्या राजांमधे मला एकच जवळचा, इब्राहिम दुसरा, तोच रोजावाला. त्याचा तंबोरा होता आणि त्याचं नाव त्यानं मोतीखान ठेवलं होतं. दखनीत गाणी रचायचा, रागांत बांधलेली, आणि त्यात सरस्वतीला नि गणपतीला वंदन करायचा. लोक त्याला जगद्गुरू म्हणायचे. १५९९ ला त्यानं विजापूरच्या पश्चिमेला नवरसपूर नावाचं नवं शहर काढलं. ते पुरं व्हायच्या आत १६२४ ला निजामशाहीच्या मलिक अंबरच्या फौजेनं लुटलं. त्यातला संगीत महाल तोरवीला आहे, तुमच्या अथणी रस्त्यावरच. पडका आहे, सहलीच्या बसा तिकडं वळत नाहीत.

आमचे भोपळे अजूनही पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. मोतीखानाचा भोपळा कुठला असेल, असा प्रश्न मला तिथं पडला होता. इतिहासवाल्यांना असले प्रश्न पडत नाहीत.

कोरडवाहू (जत):

ओळंबाकाका, तुम्ही कमानी सांगितल्या, पाण्याचं कोण सांगणार? जतच्या माणसाला विजापुरात पहिला प्रश्न तोच पडतो. आमच्यासारखाच कोरडा मुलूख, आणि त्यावर एवढी मोठी राजधानी. पाणी आणलं कुठून?

पश्चिमेला तोरवीकडून एक लाइन, आणि दक्षिणेला बेगम तलाव, तो १६५१ चा, मुहम्मदाच्याच काळातला. तिथून भाजलेल्या मातीचे पाइप, भोवतीनं बांधकामात गच्च बसवलेले, जमिनीखालून शहरात. वाटेत जागोजागी उंच मनोरे आहेत, त्यांना तिथं गंज म्हणतात. मी पाइपलाइनचं काम करतो म्हणून सांगतो, बघितल्या बघितल्या ओळखलं. पाणी मनोऱ्यात वर चढतं, दाब मोडतो, गाळ खाली बसतो आणि पाणी पुढं जातं. दाब मोडला नाही तर मातीचा पाइप सांध्यात फुटणार. आज आम्ही एअर व्हॉल्व्ह आणि ब्रेक प्रेशर टाकी देतो, काम तेच. कुणाला विचारलं तर 'वॉच टॉवर असेल' म्हणून मोकळे होतात.

ताज बावडीही बघा, १६२० ची. कमानीतून उतरलं की अख्खा तलावच. मी गेलो तेव्हा पाण्यावर प्लास्टिक तरंगत होतं, तेवढं मनावर घेऊ नका.

सातारकर दादांचा मुद्दा मला अगदीच टाकाऊ वाटत नाही. १६३० ते ३२ ला दख्खनमधे मोठा दुष्काळ पडला, माणसं देशोधडीला लागली, तेव्हा याच मुहम्मदाचं राज्य होतं. घुमटाखाली उभं राहिलं की मला दगड वाहणाऱ्यांना मजुरी काय मिळत असेल हे आठवतं. पण त्याच राज्यानं पाइपही टाकले. दोन्ही बघावं.

विश्रामबागकर:

सगळ्यांचे आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. ठरलं ते असं: तोरवीला पाच मिनिटं, बाराकमान, घुमट, जामा मशीद, जेवण, गगन महाल, तोफ, ताज बावडी, रोजा आणि परत. अफझलखानाची कबर पुढच्या खेपेला, प्रतापगड करून झाल्यावर. आसार महाल वगळला. लेक वहीत गंजचं चित्र काढणार म्हणते, तिला कमानींपेक्षा पाइप आवडले.

बाबांनी ओळंबाकाकांचं उत्तर दोनदा वाचून घेतलं. जुन्या कॅलेंडरच्या मागं दोन चौकोन काढून झालेत. आता त्यांचा पुढचा प्रश्न असा: आठ कमानी एकदम चढवल्या की एकापाठोपाठ एक?

ओळंबा (मिरज):

प्रश्न फिटरचाच आहे! माझं म्हणणं, एकदमच, थरावर थर, चारी बाजूंनी सारखं. या कमानी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. एक पुढं नेऊन दुसरी मागं ठेवली तर छेदतात त्या ठिकाणी टेकायला समोर काही नाही, आणि एका बाजूला वजन झालं की ओलं काम सरकणार. शिवाय चुना जमायला वेळ हवा, म्हणजे थोडं चढायचं, थांबायचं, परत चढायचं. घाई करणाऱ्या मालकाचं हे काम नव्हे.

पण माझ्यावर जाऊ नका. बाराकमानीत कुठं कमान पुरी झालीय, कुठं नुसते खांब वर येऊन थांबलेत. कामाचा क्रम काय असेल ते बाबांनी तिथं स्वतः ताडावं आणि इथं लिहावं, माझ्याशी जुळलं नाही तरी लिहावं. पाण्याच्या बाटल्या भरपूर घ्या, चौथऱ्यावर सावली नाही. आणि बाबांच्या खिशात मोजपट्टी असणारच. ती घुमटात बाहेर काढू देऊ नका, पहारेकरी लगेच शिट्टी मारतो.